परळीचे जुने ‘थर्मल’ नेमके कधी आणि कशामुळे बंद पडले?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपले वडील परळी वैजनाथच्या जुन्या औष्णिक विद्युत केंद्रात नोकरीला होते, आता कुटुंब सोलापुरात स्थायिक आहे आणि वडिलांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या पुस्तिकेसाठी त्या केंद्राचा इतिहास आपल्याला लिहायचा आहे. मात्र केंद्र बंद पडल्याचे वर्ष कोणी 2013 सांगते, कोणी 2015, तर कोणी म्हणते की ते अजून चालूच आहे. पाणी नव्हते म्हणून ते बंद पडले हे खरे का, आणि आपल्या फताटेवाडीच्या एनटीपीसी प्रकल्पाचेही उद्या तसेच होईल का, असेही आपण विचारले आहे.

माझी नोकरी औष्णिक केंद्रांच्या संचलन विभागात, म्हणजे बॉयलर आणि टर्बाइन प्रत्यक्ष चालवण्यात गेली, आणि शेवटची काही वर्षे कोणता संच चालवणे परवडते याचे हिशेब मांडण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो की आपल्याला माहिती देणारे तिघेही आपापल्या जागी खरे बोलत आहेत. घोटाळा आहे तो ‘केंद्र बंद पडले’ या बोलण्यात. औष्णिक केंद्र एकसंध नसते. ते संचांचे बनलेले असते. प्रत्येक संचाला स्वतःचा बॉयलर, स्वतःचे टर्बाइन आणि स्वतःचे जनित्र असते, तो आपल्या वेळी जन्मतो आणि आपल्या वेळी मरतो. म्हणून इतिहास केंद्राचा लिहायला बसलात तर वर्षे जुळणार नाहीत. संचांचा लिहिलात तर जुळतील.

परळीत 30 मेगावॅटचे पहिले दोन संच 1971 मध्ये सुरू झाले. तो काळ डोळ्यांसमोर आणला पाहिजे. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना 1960 ची. राज्याची विजेची भिस्त प्रामुख्याने कोयनेच्या पाण्यावर आणि मुंबईच्या टाटांवर. आणि निजामाच्या राज्यातून आलेल्या मराठवाड्यात विजेचे म्हणावे असे काहीच नव्हते. खाणीपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गावात कोळशाचे केंद्र का उभारले, असे आज कोणी विचारले तर त्याचे उत्तर या परिस्थितीत आहे. त्या वेळी लांब पल्ल्याच्या उच्चदाब वाहिन्यांचे जाळे विरळ होते. वीज दुरून आणण्यापेक्षा कोळसा रेल्वेने आणून वीज जागेवर तयार करणे सोयीचे होते आणि परळीला रेल्वे होतीच. पुढे 210 मेगावॅटचे तीन संच आले : तिसरा 1980 मध्ये, चौथा 1985 मध्ये आणि पाचवा 1987 मध्ये. आपले वडील ज्याला ‘जुने थर्मल’ म्हणत असतील ते बहुधा हेच तीन संच. त्यानंतर 250 मेगावॅटचे सहावा (2007), सातवा (2010) आणि आठवा (2016) असे तीन नवे संच उभे राहिले. परळीचे केंद्र आज ‘चालू’ आहे असे जो म्हणतो, तो या नव्या संचांविषयी बोलत असतो. महानिर्मितीच्या, म्हणजे विद्युत मंडळाच्या वारस निर्मिती कंपनीच्या, यादीत परळीची क्षमता 750 मेगावॅट दाखवतात, म्हणजे 250 चे तीन. 210 चा एकही संच त्यात उरलेला नाही.

आता तारखांकडे येऊ. एका संचाच्या बंद होण्याला किमान चार तारखा असतात, आणि त्यांच्यामध्ये कित्येक वर्षांचे अंतर पडू शकते.

पहिली तारीख संच शेवटचा ग्रीडपासून, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्यापासून, वेगळा झाला ती. गंमत अशी की ही तारीख शेवटची आहे हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते. कंट्रोल रूममधला अभियंता नेहमीप्रमाणे भार उतरवतो, ब्रेकर उघडतो, टर्बाइनचा वेग मिनिटाला 3,000 फेऱ्यांवरून खाली येऊ देतो आणि शाफ्ट पुरेसा मंदावला की तो बॅरिंग गियरवर घेतो. तापलेला शाफ्ट एका जागी स्थिर राहिला तर स्वतःच्या वजनाने वाकतो, म्हणून थंड होईपर्यंत त्याला संथपणे फिरवत ठेवावे लागते. मग तो लॉगबुकात वेळ टाकतो, ‘संच वेगळा केला, टर्बाइन बॅरिंगवर’ असे लिहून सही करतो आणि पुढच्या पाळीला सूत्रे देऊन घरी जातो. ही नोंद आधीच्या शेकडो नोंदींसारखीच दिसते. ती शेवटची ठरली हे कळायला कधी सहा महिने लागतात, कधी दोन वर्षे.

दुसरी तारीख तांत्रिक मृत्यूची, आणि माझ्या मते सर्वांत खरी हीच. पण ती कोणत्याही बातमीत येत नाही. थांबलेला संच पुन्हा चालवायचा असेल तर बॉयलरच्या नळ्या आतून गंजू नयेत म्हणून त्या कोरड्या करून ठेवाव्या लागतात किंवा त्यांत नायट्रोजन भरून ठेवावा लागतो. वंगणतेल फिरवत ठेवावे लागते. मोटारींचे इन्सुलेशन वरचेवर तपासावे लागते. शिवाय 1923 च्या बॉयलर कायद्याप्रमाणे तपासणी होऊन बॉयलरचे प्रमाणपत्र ठराविक मुदतीने नवे करून घ्यावे लागत असे, आणि ते नसताना बॉयलर पेटवता येत नाही. ज्या वर्षी हे प्रमाणपत्र नवे करून घेतले गेले नाही आणि जपणुकीच्या कामांना पैसा मिळणे थांबले, त्या वर्षी तो संच संपला असे आम्ही आपसात समजत असू. सोबतीला आणखी एक खूण असते : शेजारच्या चालू संचाला एखादा व्हॉल्व्ह किंवा पंप तातडीने हवा असला की तो थांबलेल्या संचाचा काढून नेतात. एकदा असे सुटे भाग काढायला सुरुवात झाली की मग तो संच उठत नाही.

तिसरी तारीख कागदावरची. कंपनी निवृत्तीचा प्रस्ताव करते आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरण स्थापित क्षमतेच्या यादीतून तो संच वगळते. परळीची ही पायरी कागदपत्रांत आकड्यांवरून ओळखता येते, आणि आपल्यासारख्या बाहेरच्या माणसाला हाच धागा सर्वांत सोपा आहे. 210 चे तीन आणि 250 चे दोन असताना केंद्राची क्षमता 1,130 मेगावॅट लिहिलेली सापडेल. पुढे आठवा संच आला आणि तिसरा यादीतून गेला, तेव्हा ती 1,170 दिसेल. चौथा आणि पाचवा गेल्यावर 750. कोणत्याही वर्षाच्या अहवालात यांपैकी कोणता आकडा छापला आहे एवढे पाहिले तरी त्या वर्षी कागदोपत्री कोणते संच जिवंत होते ते कळते. चौथी तारीख भंगाराच्या लिलावाची आणि पाडकामाची; सरकारी कंपन्यांचे असे साहित्य बहुधा एमएसटीसी या केंद्र सरकारच्या कंपनीच्या ई-लिलावातून जाते.

लोकांच्या लक्षात मात्र चौथीच तारीख राहते, कारण ती डोळ्यांना दिसते. आपण सोलापूरकर याचे साक्षीदार आहोत. 15 जून 2023 रोजी सिद्धेश्वर कारखान्याची सहवीजनिर्मितीची चिमणी पाडली तो दिवस शहरात कोणालाही विचारा, तारखेसह सांगतील. पण ती चिमणी होटगी रस्त्यावरच्या विमानतळाच्या वाटेत येते म्हणून पाडली गेली. चिमणी पडणे आणि निर्मिती संपणे या दोन वेगळ्या घटना आहेत. औष्णिक केंद्रात तर चिमणी पडते तेव्हा आतली वीज थांबून अनेकदा बरीच वर्षे लोटलेली असतात.

सगळीकडे इतके धूसर असते असेही नाही. दिल्लीचे बदरपूर केंद्र 1973 पासून चालले आणि 15 ऑक्टोबर 2018 रोजी कायमचे बंद झाले. तेव्हा त्याची क्षमता 705 मेगावॅट होती. तिथे राजधानीच्या हवेच्या प्रदूषणामुळे दिवस आधी ठरवून केंद्र बंद केले, म्हणून सगळ्यांना एकच तारीख सांगता येते. परळीच्या जुन्या संचांना असा मुहूर्त कोणी काढला नाही. ते एकेक करून थांबत गेले.

पाण्याचा प्रश्न आता नीट पाहू. परळीला पाणी प्रामुख्याने गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून मिळते, आणि बंधारा वरच्या धरणांतून पाणी सुटल्यावर भरतो. दुष्काळात पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा, आणि तो तसा असलाच पाहिजे. 2013 च्या फेब्रुवारीत पाण्याअभावी केंद्र थांबवावे लागले आणि 2015 च्या जुलैत पुन्हा तीच वेळ आली. आपल्याला सांगितलेली दोन्ही वर्षे इथून आलेली आहेत.

पाणी किती लागते याचा अंदाज यावा म्हणून एक गणित देतो. पर्यावरण मंत्रालयाच्या डिसेंबर 2015 च्या अधिसूचनेत जुन्या केंद्रांसाठी एका युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घातली आहे. ती पाळली असे धरले तरी 210 मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने दिवसभर चालला तर 50 लाख 40 हजार युनिटे होतात आणि त्यांना सुमारे 1 कोटी 76 लाख लिटर पाणी लागते. यातले बहुतेक पाणी कूलिंग टॉवरमधून वाफ होऊन आकाशात जाते, त्यामुळे ते परत मिळवण्याची सोय नसते. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पिण्याचे पाणी घेऊन जाणारी रेल्वे आपल्याच पंढरपूर-कुर्डुवाडी-बार्शी मार्गावरून धावली, ती आपण पाहिली असेल. तिच्या पन्नास वाघिणींच्या एका फेरीत सुमारे 25 लाख लिटर पाणी जात असे. परळीच्या एका जुन्या संचाला रोज अशा सात गाड्या लागल्या असत्या. शेजारच्या शहराला पिण्याचे पाणी रेल्वेने पोचवावे लागत असताना हे केंद्र चालवणे शक्यच नव्हते.

म्हणजे पाण्यामुळे केंद्र थांबले हे खरे. पण पाण्यामुळे जुने संच गेले हे मला पटत नाही, आणि त्याचे कारण साधे आहे : पाणी आटले तेव्हा ते 210 च्या संचांसाठीही आटले आणि 250 च्या संचांसाठीही. बंधारा एकच. तरीही पाऊस पडून गेल्यावर आज यादीत राहिले ते 250 चे संच, आणि गेले ते 210 चे. दुष्काळाने सगळ्यांनाच झोपवले. कोणाला पुन्हा उठवायचे हे ठरवताना हिशेब दुसराच लागला. तो हिशेब समजल्याशिवाय आपला लेख पूर्ण होणार नाही, म्हणून त्यावर जरा थांबतो.

राज्यातली वीज घेताना ‘मेरिट ऑर्डर’ लावतात. प्रत्येक संचाचा बदलता खर्च, म्हणजे प्रामुख्याने एका युनिटमागे जळणाऱ्या कोळशाची पोहोच किंमत (वाहतुकीसह पडणारी किंमत), चढत्या क्रमाने मांडतात आणि वरून मागणी भरत येतात. मागणी जिथे संपते त्याच्या खालचे संच थांबतात. ‘त्या संचांचे कर्ज कधीच फिटले होते, त्यांची वीज स्वस्तच असणार’ असे वडिलांच्या पिढीतले पुष्कळ लोक कळवळून सांगतात. कर्ज फिटलेले असते हे बरोबर. पण कर्जाचा हप्ता स्थिर आकारात मोडतो आणि मेरिट ऑर्डर स्थिर आकार पाहत नाही. तिथे फक्त आज एक जादा युनिट तयार करायला किती खर्च येतो, एवढेच विचारले जाते.

हा खर्च जुन्या संचाला दोन बाजूंनी जड जातो. 210 मेगावॅटच्या जुन्या रचनेच्या संचाला एका युनिटसाठी, समजा, 2,600 किलोकॅलरी उष्णता लागते आणि सुपरक्रिटिकल (अतिउच्च दाबाच्या वाफेवर चालणाऱ्या) पद्धतीच्या 660 मेगावॅटच्या नव्या संचाला 2,300. कोळशाच्या किलोत 3,500 किलोकॅलरी धरल्या तर जुन्याला युनिटमागे सुमारे 743 ग्रॅम कोळसा लागला आणि नव्याला 657. फरक 86 ग्रॅमचा, ऐकायला चिमूटभर. पण दिवसाच्या 50 लाख 40 हजार युनिटांना गुणले की एकाच संचामागे रोज सुमारे 430 टन जादा कोळसा जळतो. संचाची रोजची भूक साधारण 3,750 टनांची, म्हणजे मालगाडीचा जवळपास एक पूर्ण रेक. आपले वडील कोळसा हाताळणी विभागात असतील तर ‘संचाला रोज एक गाडी’ हे सूत्र त्यांना तोंडपाठ असेल. दुसरी बाजू वाहतुकीची. आपल्याकडच्या कोळशात तिसऱ्या हिश्श्याहून अधिक राखच असते. म्हणजे खाणीपासून परळीपर्यंत रेल्वेचे भाडे भरून आपण ती राखही वाहून आणतो आणि मग पाण्यात कालवून राख तलावात सोडतो.

हे सगळे 2007 मध्येही खरे होते. पण तेव्हा राज्यात प्रचंड भारनियमन होते आणि मिळेल ते युनिट हवे होते. तेव्हा आम्हाला खर्च कोणी विचारत नसे. संच बंद का पडला, एवढेच विचारत. पुढच्या दशकात तिरोड्याचे 3,300 मेगावॅट, अमरावतीचे 1,350 मेगावॅट अशी खासगी केंद्रे आली, खुद्द मंडळाच्या वारस कंपनीचेही नवे संच आले आणि मेरिट ऑर्डरच्या यादीत वरच्या बाजूला गर्दी झाली. मागणीची रेघ जुन्या संचांच्या वर येऊन थांबू लागली. एकदा ही अवस्था आली की संच आज बंद, आठवड्याने चालू, पुन्हा बंद असा चालतो. प्रत्येक वेळी बॉयलर पेटवायला महागडे तेल जाळावे लागते, तापण्या-थंडावण्याच्या ताणाने नळ्या फुटू लागतात, आणि खर्च आणखी वाढून संच यादीत आणखी खाली घसरतो. त्यात 2015 च्या अधिसूचनेने धूर आणि गंधकाच्या वायूंच्या मर्यादा कडक केल्या. मोजकी वर्षे उरलेल्या संचावर नवी यंत्रणा बसवण्याचा खर्च कोणी मंजूर करत नाही.

तरीही वय झाले म्हणून गेले, असे सरसकट लिहू नका. नाशिकच्या एकलहऱ्याचे 210 चे तीन संच 1979 ते 1981 मधले, म्हणजे परळीच्या चौथ्या-पाचव्यापेक्षा थोरले. ते यादीत राहिले आणि परळीचे गेले. खाण नाशिकलाही लांबच. माझ्या समजुतीप्रमाणे फरक जागेचा आहे : नाशिकभोवती विजेची मागणी मोठी आहे आणि त्या भागातल्या ग्रीडला जवळच्या केंद्राचा आधार लागतो. परळीत नवे संच शेजारीच उभे असल्यामुळे जुन्यांवाचून अडत नव्हते. याविषयी दुसरा अभियंता वेगळे मत देऊ शकेल, आणि ते मतही आपण लेखात जरूर घ्यावे.

लिखाणासाठी साधने कोणती, तर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे मासिक निर्मिती अहवाल आणि राज्य वीज नियामक आयोगाचे दरनिश्चितीचे आदेश ही दोन पुरेशी आहेत. पहिल्यात संच कधी आणि कोणत्या कारणाने थांबला ते संचनिहाय मिळते. दुसऱ्यात कंपनी त्या संचाविषयी काय बाजू मांडत होती आणि आयोगाने ती किती मान्य केली ते कळते. आदेश रूक्ष असतात, पण संचाचे खरे मृत्युपत्र तिथेच सापडते. वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवर तारखांसाठी विसंबू नका. ‘परळीचे केंद्र बंद’ हा मथळा पाणी संपल्यावरही येतो, कोळसा संपल्यावरही येतो आणि मागणी नसल्यामुळे संच राखीव ठेवल्यावरही येतो.

कागदांत जे मिळणार नाही ते माणसांकडून घ्यावे लागेल. संच बंद होतो तेव्हा कायम कर्मचाऱ्यांच्या दुसऱ्या केंद्रांवर बदल्या होतात आणि त्यांचे आदेश निघतात. राख उपसणारे, गाड्या रिकाम्या करणारे कंत्राटी कामगार मात्र कुठल्याच आदेशात नसतात. केंद्राच्या फाटकाबाहेरची चहाची दुकाने, वसाहतीतली शाळा, राखेच्या विटांच्या भट्ट्या यांचा हिशेब वेगळाच. राख तर संच गेल्यावरही मागे राहते. 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेने साठलेली जुनी राख दहा वर्षांत वापरून संपवण्याचे बंधन केंद्रांवर घातले आहे.

फताटेवाडीविषयी. तिथे 660 मेगावॅटचे दोन संच आहेत, पहिला 2017 मध्ये आणि दुसरा 2019 मध्ये व्यावसायिक निर्मितीत आला. संच नव्या पद्धतीचे असल्यामुळे युनिटमागे कोळसा कमी लागतो, आणि पाणी उजनीचे असल्यामुळे परळीसारखी एका बंधाऱ्यावर भिस्त नाही. पण खाण दूर असण्याचा जो बोजा परळीवर होता तो सोलापूरवरही आहे. भर दुपारी सौरऊर्जा भरपूर येऊ लागल्यामुळे आता कोळशाच्या संचांना दुपारी भार उतरवून संध्याकाळी चढवावा लागतो. केंद्रीय प्राधिकरणाच्या 2023 च्या नियमांनी तर पूर्ण भाराच्या 40 टक्क्यांपर्यंत खाली उतरण्याची तयारी ठेवायला सांगितले आहे. हे संच इतक्यात निवृत्त होतील असे मला वाटत नाही, परंतु वर्षातले किती तास पूर्ण भाराने चालतील हे कोळशाच्या पोहोच किमतीवर ठरेल.

वडिलांशी बोलताना ‘केंद्र केव्हा बंद पडले’ असे विचारू नका. त्यांचा संच कोणता, विभाग कोणता, त्यांच्या पाळीत शेवटचा रेक केव्हा रिकामा झाला, बदलीचा आदेश कधी हाती पडला, असे विचारा. बॉयलरवरचा माणूस, कोळशाकडचा माणूस आणि राखेकडचा माणूस वेगवेगळी वर्षे सांगतील. ती तशीच विभागासह नोंदवा. त्यांचा संच क्रमांक आणि विभाग आपण मला कळवलात, तर त्या संचासाठी अहवालांत नेमकी कोणती वर्षे धुंडाळायची ते मी सांगू शकेन.